गाडी विकणे आहे

वस्तू विकण्याची जाहिरात देणारी माणसं साधारणपणे दोन प्रकारची असतात. एक, ज्यांना ती वस्तू खरोखरच विकायची असते. दुसरी, ज्यांना ती आपल्याकडे आहे एवढंच चारचौघांना कळवायचं असतं. आमचे काका तिसऱ्या प्रकारात मोडतात. म्हणजे त्यांना स्वतःला गाडी विकायची नव्हती, त्यांच्या गुडघ्याला विकायची होती.

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. इथे कॅलिफोर्नियात, सॅन होजेच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसानं साठी ओलांडली की काकापद त्याला आपोआप मिळतं. त्यासाठी पुतणे असावे लागत नाहीत. मंडळाच्या गणेशोत्सवात माइकची वायर कोण धरणार, असा प्रश्न आला की जे धरतात ते काका, आणि ती वायर चुकीच्या ठिकाणी खुपसली आहे हे सांगतात त्या काकू.

तर काकांची गाडी. डॅटसन २४० झेड, साल १९७१, रंग नारिंगी. लांब नाक, आखूड शेपूट, आणि बसायला दोनच जागा. काका १९७३ साली शिकायला या देशात आले तेव्हा रस्त्यात पहिल्यांदा ही गाडी बघून सिग्नल हिरवा झाला तरी उभेच राहिले होते म्हणे. ही गाडी अमेरिकेत आली तेव्हा तिची किंमत साडेतीन हजार डॉलरच्या घरात होती. काकांच्या खिशात त्या वेळी साडेतीन डॉलर असले तर असतील. मग नोकरी, घर, मुलं, मुलांची कॉलेजं, असं सगळं रीतसर उरकून २००३ साली त्यांनी ती घेतली. घेतली म्हणजे काय, कुणाच्या तरी परसात गवत उगवलेला एक सांगाडा उचलून आणला. काकूंनी दारात उभं राहून विचारलं, "हिचं उरलेलं कधी येणार?" उरलेलं यायला अकरा वर्षं लागली.

या गाडीचा इतिहास काका न विचारता सांगतात. जपानात तिचं नाव 'फेअरलेडी झेड'. निस्सानचे अमेरिकेतले प्रमुख युताका काटायामा यांना मात्र स्पोर्ट्स कारला असलं नाजूक नाव पसंत पडेना. त्यांनी ती अक्षरं काढायला लावली आणि जागी नुसतं '२४० झेड' लावलं. पुढे हे काटायामा तब्बल १०५ वर्षं जगले, २०१५ साली वारले. काकांच्या मते हा दीर्घायुष्याचा पुरावा गाडीच्या बाजूनं आहे. काकूंच्या मते, त्यांना ती स्वतःच्या गॅरेजात दुरुस्त करावी लागली नाही याच्या बाजूनं आहे.

'डॅटसन' या नावाचीही एक गंमत आहे. मूळ गाडीचं नाव डॅट, म्हणून तिच्या धाकट्या अवताराला म्हणायचं 'डॅटचा सन', म्हणजे चिरंजीव. पण जपानीत 'सन'सारखा उच्चार असलेल्या एका शब्दाचा अर्थ निघतो तोटा! मग स्पेलिंग बदलून त्या चिरंजीवांचा सूर्य करण्यात आला. मुलगा आणि तोटा यांना एकच शब्द असलेली भाषा किती अनुभवी असली पाहिजे, असं काका म्हणतात, आणि मग आपला मुलगा घरात नाही ना, हे वळून बघतात.

२०१४ साली काकांची गाडी रस्त्यावर आली आणि नेमक्या त्याच वर्षी भारतात डॅटसन हे नाव नव्यानं सुरू झालं. पुण्याहून भाच्याचा फोन आला, "मामा, मीसुद्धा डॅटसनच घेतली!" मामांचा कंठ दाटून आला. मग फोटो आला. ती चार दारांची, शहाणीसुरती, बाजारहाटाची डॅटसन गो होती. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "डिकी मोठी आहे हो." २०२२ साली ते नाव पुन्हा बंद झालं तेव्हा भाच्याच्या सांत्वनाचा फोन मात्र काकांनी न चुकता केला.

आता टर्बोचं सांगतो. मूळच्या इंजिनाची शक्ती १५१ घोड्यांची. पण काकांनी ते उतरवून १९८१ सालच्या २८० झेडएक्स टर्बोचं इंजिन बसवलं, तेही १८० घोड्यांचं. आणि गाडीचं वजन तर जेमतेम हजार-अकराशे किलो. टर्बो म्हणजे काय, तर इंजिनाबाहेर पडणारा जळका वायू वाया न घालवता त्यावर एक चक्र फिरवायचं, त्या चक्राच्या दांड्यावर दुसरं चक्र बसवायचं आणि त्यानं ताजी हवा दाबून पुन्हा इंजिनात भरायची. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून जोर जास्त. फक्त पाय दाबल्यापासून जोर येईपर्यंत क्षणभर काहीच घडत नाही. आमच्या एका मावशींना विनोद सांगितला की असंच होतं. आपण दुसऱ्या विषयावर जातो, आणि मग एकदम स्फोट होतो.

उतरवलेलं मूळ इंजिन काकांनी टाकलं नाही. ते गॅरेजच्या कोपऱ्यात जुन्या सोलापुरी चादरीखाली उभं आहे, आणि त्यावर काकूंचा कुरडयांचा डबा.

अशी ही गाडी. पण ती इतकी बुटकी की तिच्यात बसायचं म्हणजे जमिनीवर पंगतीला बसल्यासारखं. काका बसत असत झोकात, पण उठताना दोन माणसं लागू लागली. क्लच दाबला की डावा गुडघा इंजिनापेक्षा मोठ्यानं वाजे. कॅलिफोर्नियात १९७५ किंवा त्याआधीच्या गाड्यांना धुराची तपासणी माफ आहे. माणसांचं उलट असतं, जितकं मॉडेल जुनं तितक्या तपासण्या जास्त. अशाच एका तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं, गुडघा ठेवा नाही तर गाडी ठेवा.

जाहिरात लिहायचं काम माझ्याकडे आलं. काकांनी चार पानं सांगितली. त्यात एक अख्खं पान गंजाचं! बॅटरीखालचा पत्रा, पायाखालचा पत्रा, दारामागचा कोपरा, सगळं कुठे कुठे सडलं होतं आणि कुठे नवं जोडलं, तारीखवार. मी म्हटलं, "काका, विकायची आहे ना? इतकं खरं कशाला?" तर म्हणाले, "अरे, मुलगी दाखवताना लपवलेलं पुढे तिलाच भोवतं."

गिऱ्हाईकं आली. एक गृहस्थ लोहचुंबक घेऊन आले आणि पत्र्याखाली लांबी भरली आहे का हे बघत देवाला प्रदक्षिणा घालावी तसे गाडीभोवती फिरले. दुसरे सोवळ्यातले. मूळ इंजिन नाही म्हणताच दोन पावलं मागे सरकले. चादर वर करून ते दाखवलं तेव्हा त्यांनी इंजिनाला नमस्कार केला, गाडीला केला नाही. तिसऱ्यानं २०२० साली अशीच एक १९७१ सालची गाडी लिलावात ३ लाख १० हजार डॉलरला गेल्याचं सांगितलं. तीत इंजिन मूळचंच होतं, हेही सांगितलं. काका दर गिऱ्हाइकागणिक किंमत वाढवत होते. गिऱ्हाईक जितकं चांगलं, तितकी वाढ मोठी.

एकदा ते आत गेलेले बघून काकू मला हळूच म्हणाल्या, "विकली जायलाच हवी रे, मला कळतं. पण अकरा वर्षं हे गाडीखाली, नि मी त्यांच्या पायांशी बोलायची. चहा पेटीवर ठेवायची. रिटायर झाले तेव्हासुद्धा घरात घुटमळले नाहीत. आता हा माणूस दिवसभर करणार काय?" यावर मला काही सुचलं नाही. मी कुरडयांची चौकशी केली.

शेवटी एक पंचविशीतला पोरगा आला. किंमत विचारली नाही, चुंबक काढला नाही. बॉनेट उघडून इंजिन थंड असताना सुरू करायला लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "बंद पडली तर तुम्हाला फोन केला तर चालेल का?" काकांनी त्या दिवशी पहिल्यांदा किंमत उतरवली. जुनं इंजिन चादरीसकट दिलं. कुरडयांचा डबा तेवढा काकूंनी ठेवून घेतला.

महिना झाला. गॅरेजात आता तेलाचा एक डाग आहे आणि काका त्याच्या शेजारी खुर्ची टाकून चहा पितात. परवा मी गेलो होतो तेव्हा फोन वाजला. पलीकडचं ऐकून काकांचा चेहरा उजळला. "अगं ऐकलंस का? गाडी सुरू होत नाही म्हणतोय!" बारसं असल्यासारखे ओरडले आणि हत्यारांची पेटी उचलून गुडघा विसरून निघालेसुद्धा.

काकूंनी गणपतीच्या फोटोकडे बघून हात जोडले. "बाप्पा, गाडी चांगलीच आहे. पण महिन्या-दोन महिन्यांनी अशी बंद पडू दे रे."