अंगणात आखलेली गाडी

वहीतला माझा आराखडा देखणा होता. जुनी ट्रॅव्हलर घ्यायची, मागे आडवा पलंग, मधे ओटा, पुढे बाक. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिचं कोकणात जाणं बंद पडलं होतं. प्रवासाची नाही, वाटेतल्या संडासांची तिला धास्ती. म्हणून संडासाची सोय असलेल्या गाडीचा हा घाट.

बाबा खडकीच्या ५१२ आर्मी बेस वर्कशॉपमधले निवृत्त फिटर. ट्रॅव्हलर बनवणाऱ्या कंपनीचं नाव २००५ साली फोर्स मोटर्स झालं, तरी ते अजून ‘बजाज टेम्पो’च म्हणतात. त्यांनी वही मिटली आणि अंगणात खडूनं गाडी आखली. पाहून आलेल्या गाडीची आतली रुंदी पावणेसहा फूट. अस्तर चढलं की दोन इंच आणखी जाणार. बाबा स्वतः पाच फूट दहा इंच. ते रेघांमध्ये आडवे झाले आणि पाय बाहेर आले. माझा आडवा पलंग तिथेच पुसला गेला. मग दोन पलंग उजव्या अंगाला, एकामागे एक, रेल्वेच्या साइड बर्थसारखे.

संध्याकाळी शेजारचे काका आले. त्यांची हयात दापोडीच्या एसटी कार्यशाळेत बॉडी बांधण्यात गेली. उकिडवे बसून त्यांनी एकच विचारलं, “पाणी कुठं ठेवणार?” मी पार मागचा कोपरा दाखवला. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, आणि तेही मागच्या आसाच्या पलीकडे. तिथलं वजन तरफेसारखं पुढची चाकं हलकी करतं, घाटात स्टिअरिंगची पकड जाते, हे त्यांनी काठी विटेवर टेकवून दाखवलं. टाकी बाबांच्या पलंगाखाली, आसाच्या अलीकडे आली आणि तोल सांभाळायला बॅटरी समोर ओट्याखाली गेली. अठरा मिलिमीटर प्लायची आठ बाय चारची शीट पस्तीस किलोच्या आसपास भरते. तेव्हा भार येईल तिथेच अठरा, बाकी सगळीकडे बारा.

आईचा प्रश्न वेगळाच. “फोडणीचा धूर कुठनं जाणार?” ओटा डाव्या दाराशी सरकला. सिलिंडरच्या कप्प्याला मात्र भोक तळाशी ठेवलं. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो.

एका गॅरेजवाल्यानं ‘कागदांचं नंतर बघू’ म्हटलं, तिथून आम्ही उठून आलो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते बजावलं आहे. आईला घेऊन निघायचं तर कागद आधी.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मधल्या वाटेवर. मी वीस इंच सोडली होती. खडकी बाजारातून आणलेली खोकी रचून ओटा केला, खुर्च्या जोडून पलंग, आणि आईला वॉकर घेऊन चालवलं. वॉकर अडकला. मला फार वाईट वाटलं. जिच्यासाठी गाडी, तीच गाडीत मावत नव्हती. बाबांनी ओट्याचे दोन इंच कापले. आता वॉकर जेमतेम सरकतो.

रात्री अंगणातला दिवा घालवून पुन्हा पाहिलं. मागच्या डाव्या कोपऱ्यात पोर्टेबल कमोडच्या जागी स्टूल. आई खुर्च्यांवरून उठली, वॉकर न घेताच एक हात खोक्यांच्या कडेवर ठेवून चार पावलं गेली, स्टुलावर बसली, परत आली.

“इथे धरायला दांडी लाव,” ती बाबांना म्हणाली, “माझ्या कमरेइतकी.” बाबांनी काळोखातच टेप काढला.