लॅपटॉपची गुणपत्रिका

जुना लॅपटॉप बदलावा का, असं विचारलं की विक्रेता सिनेबेंचचे गुण दाखवतो. गुण खोटे नसतात. पण सिनेबेंच त्रिमिती चित्र घडवायला लावून प्रोसेसरचा कस पाहतं. आम्हा उर्दू शिक्षकांचं काम निराळं: इनपेजमध्ये नूरी नस्तालीकमधली प्रश्नपत्रिका, निकालाचे तक्ते. जुनं यंत्र अडतं ते बहुधा फिरत्या हार्ड डिस्कपाशी. तिच्या जागी एसएसडी बसवली की तेच यंत्र झटपट सुरू होतं. प्रोसेसरचे गुण मात्र जवळपास तेवढेच राहतात! वर्ध्याच्या १९३७ च्या शिक्षण परिषदेने नेमलेल्या डॉ. झाकीर हुसेन समितीने शिक्षणाच्या केंद्रस्थानी हातचं काम ठेवलं. यंत्राचीही परीक्षा आपल्याच कामावर घ्यावी. नापास झालं, तरच पगारातून हप्ता कापू द्यावा.