बाराशे शब्दांची कल्हई

'खरे घडलेले तेवढेच पाठवा. शब्दमर्यादा बाराशे. कविता नकोत.' एवढेच निवेदन. 2022 च्या जून महिन्यात एका सहकारी मित्राने ते आमच्या हाती ठेवले. शाळा नुकतीच सुरू झाली होती, पटावरची मुले आणि वर्गातली मुले यांचा मेळ बसवण्यात आम्ही गुंतलो होतो. खाली लिहिले होते : मानधन नाही, अंकाच्या दोन प्रती मिळतील. आम्हाला ते वाचून हायसे वाटले. मानधन द्यायचे कबूल करून न देणाऱ्यांपेक्षा हा माणूस बरा!

हा अंक शेजारच्या जिल्ह्यातले एक गृहस्थ स्वतःच्या पेन्शनमधून काढतात. पाचशे प्रती. मागच्या पानावर कृषी सेवा केंद्राची जाहिरात, आतल्या पानावर पतसंस्थेची. 1909 साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत दिवाळी अंकांची रीत पडली, पण त्यातल्या बड्या अंकांत लेखक निमंत्रणाने जातात. आमच्यासारख्यांना निमंत्रण येत नाही, आम्ही अर्ज करतो. सोलापुरात 1990 साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा आम्ही पाळण्यातून नुकतेच उतरलो होतो. त्या संमेलनामुळे आपल्या माणसांना लिहायला जागा झाली, हे खरे. पण ती जागा मोठ्या छापखान्यांत कमी आणि अशा पाचशे प्रतींच्या अंकांतच जास्त झाली.

आता लिहायचे काय? उर्दूत शिकलो, उर्दूत शिकवतो. उर्दूत या प्रकाराला नावे पुष्कळ. इन्शाइया आहे, आपबीती आहे, माणसावर लिहिले तर खाका आहे. इस्मत चुगताईंनी आपल्या मरण पावलेल्या भावावर, अज़ीम बेग चुगताईंवर, खाका लिहिला आणि त्याला नाव दिले 'दोज़ख़ी'. म्हणजे नरकात जाणारा! मंटोने लिहून ठेवले आहे की त्याच्या बहिणीला तो खाका वाचून संताप आला, मेलेल्या भावाबद्दल असे लिहितात का म्हणून. त्यावर मंटो तिला म्हणाला की माझ्यावर असे लिहायचे कबूल करत असशील तर मी आजच मरायला तयार आहे. बी. एड.ला असताना हा किस्सा आम्ही मित्रांना रंगवून सांगायचो. तेव्हा आमचे अब्बा हयात होते.

अब्बा कल्हईवाले होते. बार्शी तालुक्यातली गावे सायकलवर पालथी घालायचे. मागे भाता, सांडशी, कोळशाचे पोते, पुढे पिशवीत कथील आणि नवसागर. लेख त्यांच्यावर लिहायचा हे ठरले, आणि तो मराठीतच लिहायचा हेही आपोआप ठरले. कारण कल्हईचे सगळे शब्द अब्बांनी गावोगावच्या बायांकडून मराठीतच उचललेले. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण भट्टीजवळ अब्बा मराठी व्हायचे. 'वहिनी, बुडाला पोचा आलाय, ठोकून देऊ का?' हे वाक्य आम्ही त्यांच्या तोंडून उर्दूत कधी ऐकलेच नाही.

सुट्टीत आम्हीही त्यांच्याबरोबर जायचो. वडाखाली किंवा देवळाच्या पाराशेजारी जमिनीत खड्डा करायचा, भात्याचे तोंड त्यात पुरायचे. भाता ओढणे आमच्याकडे. पातेले आधी राखेने, विटेच्या भुकटीने घासून घ्यायचे, मग निखाऱ्यावर फिरवत तापवायचे. नेमके तापले की नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर भस्सकन वर यायचा आणि नाकात तिडीक जायची. लगेच कथलाची कांडी आत टेकवायची. ती लोण्यासारखी वितळते. मग कापसाचा बोळा घेऊन अब्बांचा हात एकदाच असा फिरायचा, की पिवळे पातेले आतून चांदीचे होऊन निघे. पाण्यात बुडवले की चर्र! या शेवटच्या आवाजासाठी गावातली सगळी पोरे जमत. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई नसली तर ताक, कढी, चिंचेचे सार कळकते, म्हणून सणाच्या आधी आणि लग्नसराईत अब्बांना बोलावणी यायची. पुढे घरोघर स्टील आले, जर्मनची पातेली आली, आणि बोलावणी कमी कमी होत गेली.

इथपर्यंत लिहायला काही त्रास पडला नाही. अडले ते 1997 सालाशी. आम्ही आठ वर्षांचे होतो. एका वाड्यावर लग्न होते, अकरा मोठी पातेली कल्हईला आली होती. त्याच्या आदल्या रात्री अब्बांनी भंगारवाल्याकडून सिशाची एक वडी आणली आणि कथलात मिसळली. सिसे स्वस्त, कथील महाग. असली कल्हई लवकर काळवंडते, आणि आंबट पदार्थात सिसे उतरले तर ते विष. हे अब्बांना माहीत होते. आम्ही गोधडीतून एक डोळा उघडून पाहत होतो.

आमची पहिली प्रत तेवीसशे शब्दांची झाली. बाराशेवर आणायची म्हणजे निम्मा लेख कापायचा. वर्गात मुलांचे निबंध कापणे सोपे, हो! आम्ही आजीला काढले, सायकलचा किस्सा काढला, आमची आपा त्या वर्षी टायफॉइडने आजारी होती तेही काढले. त्या रात्री अम्मी अब्बांशी हळू आवाजात बरेच काही बोलत होती, एवढे आम्हाला आठवत होते. काय बोलत होती ते आठवत नव्हते. आठवत नाही ते सांगायला पाच ओळी लागतात. त्या पाच ओळींच्या जागी आम्ही तीन शब्द टाकले : 'अम्मी गप्प राहिली.' लेख बरोबर एक हजार एकशे शहाण्णव शब्दांत बसला.

स्वच्छ प्रत काढली. फुलस्केपच्या एकाच बाजूला, डावीकडे समास सोडून, आमचा पत्ता आणि तिकीट लावलेला लिफाफा आत घालून. (युनिकोडमध्येही पाठवा म्हणाले होते, म्हणून तेही पाठवले. पण पोस्टात टाकल्याशिवाय लेख पाठवल्यासारखे वाटत नाही.) दीड महिना काही नाही. मग एका रविवारी संपादक महाशयांचा फोन आला. लेख स्वीकारला होता. आधी त्यांनी विचारले की तुम्ही एकटे असून सगळीकडे 'आम्ही' का लिहिता? आम्ही म्हणालो, वर्गात 'हम' म्हणून म्हणून जीभ वळली आहे, आणि एकट्याने सांगायचा धीरही होत नाही. ते हसले. मग म्हणाले, 'ते अम्मींचे मौन! काय लिहिलंय! तुमच्या समाजातल्या बाईचं सगळं दुःख त्या तीन शब्दांत आलंय.'

आम्ही दोन दिवस हवेत होतो.

अम्मीला देवनागरी वाचता येत नाही. ती कुरआन वाचते, उर्दू अक्षर लावून लावून वाचते. तिने सांगितले, 'इत्ता क्या लिख्या, सुना तो सही.' मगरिबनंतर आम्ही लेख घेऊन बसलो आणि एकेक वाक्य दखनीत करून सांगू लागलो. कल्हईच्या वर्णनाला तिने दोनदा टोकले. नवसागर आधी की कथील आधी, यावर आमची चूक होती, ती दुरुस्त केली. वर तुम्ही वाचलात तो क्रम तिचा आहे. मग वडीचा परिच्छेद आला. तिने पदर डोक्यावर पुढे ओढला. आम्ही शेवटचे तीन शब्द सांगितले.

'मै चुप कब बैठी रे?' अम्मी म्हणाली. 'सीसा लाने कू मैच बोली थी. उनो दो बार ना बोले. आपा की दवा कू पैसे नै थे. मै बोली, एक बार करो, कौन देखता है. उनो तीसरे दिन लाए. रात भर सोये नै.'

मग बराच वेळ गप्प बसून तिने पुढचेही सांगितले, ते आम्हाला ठाऊक नव्हते. उन्हाळ्यात अब्बा त्या वाड्यावर परत गेले होते, फुकट कल्हई करून देतो म्हणून. तोवर वाडेकऱ्यांनी ती पातेली मोडीत घालून स्टील घेतले होते. अब्बा तसेच परत आले. 'उस घर में छोटे बच्चे थे,' अम्मी म्हणाली. एवढेच.

त्या रात्री आम्हालाही झोप लागली नाही. मेलेल्यांची चांगली बाजू सांगा, वाईट सांगू नका, हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो. सूरह हुजुरातमध्ये पाठीमागे निंदा करण्याला कशाची उपमा दिली आहे हेही आम्ही वर्गात समजावून सांगतो. इस्मत आपा आणि मंटो यांच्या बाजूने बोलणे कॉलेजात सोपे होते. आता आमच्या हातात अब्बांची एक चूक होती, आणि ती आम्ही अर्धीच सांगितली होती. खरे म्हणजे अर्धीही नाही. दोनदा 'ना' म्हणणारा माणूस आम्ही कापून टाकला होता, आणि बोलणारी बाई गप्प केली होती. तीही कोणाच्या कौतुकासाठी नव्हे, शब्दमर्यादेसाठी! कौतुक नंतर झाले.

सकाळी आम्ही अम्मीला म्हणालो, तो परिच्छेदच काढून टाकतो. ती म्हणाली, 'निकालना नक्को. मेरा नाम डाल. उनो जवाब देने कू नै हैं, मै तो हूँ.'

संपादकांना फोन केला. त्यांना बदल पसंत पडला नाही. त्यांचे म्हणणे, गप्प राहण्यात जी ताकद आहे ती बोलण्यात नाही. वाचकाच्या घशात आवंढा येतो, तो तुम्ही घालवणार. शिवाय आईच सांगतेय सिसे मिसळा, हे छापले तर तुमच्याच लोकांना रुचेल का? हा शेवटचा मुद्दा खोटा नव्हता. आपल्या एखाद्या वाचकानेच आम्हाला विचारले असते, की मुसलमान कारागिराची लबाडी चव्हाट्यावर मांडायला तुला दुसरे कोणी भेटले नाही का? आजही कोणी विचारील. आमच्यापाशी उत्तर तयार नाही. आम्ही फक्त त्यांना त्यांच्याच निवेदनाची पहिली ओळ वाचून दाखवली. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, 'बरं. तीस शब्द वाढवून देतो. त्यात बसवा.'

तीस शब्दांत अम्मीला बसवायला आम्हाला आठ दिवस लागले. तिचे बोलणे मराठीत केले की ते अम्मीचे राहीना, म्हणून शेवटी दखनीतच ठेवले. अर्थ द्यायचा नाही असे आम्ही कळवले. मराठी वाचकाला दखनी कळते, शेजारीच तर राहतो आपण.

अंक दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी आला. आमचा लेख पान एकाहत्तरवर, पतसंस्थेच्या जाहिरातीसमोर. डीटीपी करणाऱ्याने 'मैच बोली थी' हे शुद्धलेखनाची चूक समजून 'मॅच बोली थी' असे सुधारले होते. आम्ही कपाळावर हात मारला. अम्मीला अर्थ सांगितला तेव्हा ती डोळे पुसेपर्यंत हसली, आणि मग म्हणाली, पेनाने दुरुस्त कर. दोन्ही प्रतींत आम्ही लाल शाईने दुरुस्ती केली, मास्तरी हाताने.

एक प्रत तिच्या जुज़दानाजवळच्या फळीवर आहे. दुसरी कोणाला द्यायची ते तिनेच सांगितले : त्या वाड्यावर. ती घरातली छोटी मुले आता आमच्याच वयाची असतील. गाव फार लांब नाही, सकाळच्या एसटीने गेले तर दुपारच्या नमाज़पर्यंत परत येता येते. मागच्या दोन्ही उन्हाळी सुट्ट्यांत आम्ही जायचे ठरवले होते. प्रत पिशवीत घातली होती, वरून वर्तमानपत्राचा कागदही गुंडाळला होता. अम्मी दर शनिवारी विचारते, 'कल जाता क्या?'