आधी फिशर पाहा

एम्फिसीमाच्या रुग्णाला श्वास घ्यायला छातीत जागाच उरलेली नसते. वायुकोशांच्या भिंती विरून पोकळ्या झालेल्या असतात, त्यांत शिळी हवा कोंडते, फुफ्फुस फुगतं आणि खालच्या श्वासपटलाला दाबून सपाट करतं. न्हाणीघरापर्यंत चालत गेलं तरी माणूस चौकट धरून उभा राहतो. अशा छातीत आम्ही जो व्हॉल्व्ह बसवतो, तो फुफ्फुसाच्या सर्वांत खराब झालेल्या खंडाची वाट बंद करण्यासाठी.

नायटिनॉलच्या तारेची इवलीशी जाळी, वर सिलिकॉन, मधोमध बदकाच्या चोचीसारखे दोन पातळ ओठ. ब्राँकोस्कोपमधून सरकवलेल्या नळीच्या टोकाशी तो मिटलेला असतो. श्वासनलिकेच्या फाट्यावर सोडला की उमलून भिंतीला घट्ट बसतो. रुग्ण श्वास सोडतो तेव्हा ओठ उघडतात, हवा आणि कफ बाहेर येतो. श्वास घेताना ते मिटतात. एका खंडाला साधारण तीन ते पाच व्हॉल्व्ह लागतात. खंड आकसतो, शेजारच्या बऱ्या भागाला पसरायला जागा मिळते आणि श्वासपटल पुन्हा वर-खाली हलू लागतं. छाती उघडावी लागत नाही, आणि गरज पडली तर व्हॉल्व्ह काढूनही घेता येतो.

हे हाताचं काम सरावाने जमतं. खरं कसब त्याआधीचं आहे. दोन खंडांमधली सीमा म्हणजे फिशर. ती अनेकांत जन्मतःच अपुरी असते. मग पुढून वाट बंद केली तरी शेजारच्या खंडातून हवा येतच राहते आणि खंड आकसत नाही. 2010 मध्ये या व्हॉल्व्हच्या ‘व्हेंट’ चाचणीचे निष्कर्ष आले, तेव्हा सरासरी सुधारणा थोडीच होती. फिशर पूर्ण असलेल्या रुग्णांना मात्र चांगला लाभ झाला होता. 2015 मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या डॉक्टरांनी अशी आडवाट नसलेलेच रुग्ण निवडले आणि फरक ठळक दिसला. व्हॉल्व्ह तोच होता, निवड बदलली होती. 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेनेही या व्हॉल्व्हला मान्यता दिली.

म्हणून सीटीच्या बारीक कापांत मी ती रेषा टोकापासून टोकापर्यंत शोधतो. शंका राहिली तर त्या खंडाच्या तोंडाशी फुगा फुगवून वाट अडवायची आणि फुग्यातल्या नळीतून बाहेर येणारी हवा मोजायची. दर श्वासाला पडद्यावरचा प्रवाह कमी होत शून्यावर आला, तर फिशर भक्कम. वाहतच राहिला, तर तिथेच थांबायचं.

सगळं जमून आलं तरी धोका उरतोच. खंड झपाट्याने आकसला की शेजारचा तितक्याच वेगाने ताणला जातो आणि कधी फाटतो. चार-पाच रुग्णांपैकी एकाला न्यूमोथोरॅक्स होतो, म्हणजे फुफ्फुसाबाहेर छातीत हवा साठते. म्हणून पहिले तीन दिवस रुग्णाला घरी सोडत नाही आणि छातीत नळी घालण्याची तयारी ठेवतो.

माझ्याकडे बिडी ओढणारे येतात, तशा आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या मावश्याही येतात. ‘‘डॉक्टर, मला नाही का ते यंत्र बसवता येणार?’’ असं त्या विचारतात. चुलीच्या धुराने झालेल्या श्वासविकारात बहुतेकदा लहान श्वासनलिका जाड होतात, एम्फिसीमा कमी असतो. आकसवावा असा खंडच सापडत नाही. मी नाही म्हणतो. मग इन्हेलर ओढण्याची रीत तपासतो, ओठांचा चंबू करून श्वास सोडायला शिकवतो, पायांचे व्यायाम आणि लसी लिहून देतो. यानेही माणूस जास्त चालू शकतो.

याउलट, ज्यांना व्हॉल्व्हचा उपयोग झाला असता असे कितीतरी जण ‘वय झालं, दम लागणारच’ असं ऐकून घरीच बसून राहतात. माझं सहकाऱ्यांना कळकळीचं सांगणं आहे: सिगारेट-बिडी सोडली, औषधं नीट चालू आहेत, तरी दम जात नाही आणि फुफ्फुस फुगलेलं दिसतंय, अशा रुग्णाच्या फुफ्फुसात अडकलेली हवा मोजून घ्या, सीटी करा आणि फिशर पाहा. हो किंवा नाही, ते त्यानंतरच सांगा.