खर्जाच्या तारा

कासार आंबोलीस पाऊस लागला म्हणजे मुळशीच्या डोंगरांकडून येणाऱ्या सरींचा पत्र्यावर असा कांहीं गजर होतो कीं, शिक्षकास ओरडूनच बोलावें लागतें. गतवर्षीं अशाच एका दुपारीं स्वातंत्र्यदिनाच्या गाण्याची तालीम चालली होती. इयत्ता नववींतील एक मुलगा चार जाड तारांची बेस गिटार घेऊन आला. मीं त्यास म्हटलें, "ती ठेवून दे. तुझें ऐकूं कोणास येणार? गाणाऱ्यांत उभा राहा." तो कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो रिकाम्या हातानें आला.

विद्यार्थिमित्रहो, हें बोलणारा मी कोण? महाविद्यालयाच्या गायकवृंदांत चार वर्षें खर्जाची ओळ गायिलेला मनुष्य! आमची ओळ कोणास ऐकूं येत नसे, याचें मला त्या काळीं केवढें दुःख होई!

चार दिवसांनीं तोच मुलगा भीतभीत मजकडे आला. "सर, एक ऐकाल का?" म्हणून त्यानें मला मोहिनी डे हिचें वादन ऐकविलें. ही कलावती १९९६ सालीं मुंबईंत जन्मली. वडील सुजय डे हे स्वतः बेसवादक. त्यांनीं तिसऱ्या वर्षींच तिच्या हातीं हें वाद्य दिलें. पुढें ए. आर. रहमान, तबलानवाज कै. झाकीर हुसेन, अमेरिकेचे स्टीव्ह वाय अशा थोरांबरोबर ती वाजवूं लागली, आणि २०२३ सालीं तिनें स्वतःच्या नांवाची ध्वनिमुद्रिका काढली. ज्या तारांना मीं मुक्या समजत होतों, त्या तिच्या बोटांखालीं मृदंगासारख्या बोलत होत्या. मी खजील झालों.

मग मला नादच लागला. लिओ फेंडर यांनीं १९५१ सालीं हें वाद्य बाजारांत आणिलें तें मुख्यतः एका अडचणीवर उपाय म्हणून. पुरुषभर उंचीचें जुनें बेस व्हायोलिन घेऊन हिंडणें वादकांस जड जाई. त्याच वर्षीं जन्मलेल्या जॅको पास्टोरियस यांनीं आपल्या गिटारीचे पडदेच काढून टाकिले, आणि त्यांतून गाणाऱ्या गळ्यासारखी मींड काढिली. जगभरची तरुण मुलें त्यांची नक्कल करूं लागलीं. माझा विद्यार्थीही त्यांतलाच. त्यास वेगाचें मोठें वेड. परंतु व्यसन व मनोविकार यांनीं ग्रासलेला हा गुणी मनुष्य १९८७ सालीं एका मारहाणींत जबर जखमी होऊन पस्तिसाव्या वर्षींच गेला, हें मीं त्यास सांगितलें, तेव्हां तो बराच वेळ गप्प होता.

मला स्वतःला जेम्स जेमरसन अधिक भावतात. डेट्रॉइट शहरांतील मोटाऊन या कंपनीच्या असंख्य गाण्यांचा पाया त्यांनीं उजव्या हाताच्या एका तर्जनीनें घातला. पॉल मॅकार्टनीसारखे वादक त्यांस आपला आदर्श मानीत. परंतु वर्षानुवर्षें तबकड्यांवर त्यांचें नांवही छापलें जात नसे. दूर कशास जावें? राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदांत टोनी वाझ बेस वाजवीत. पालकांपैकीं पुष्कळांस तीं गाणीं मुखोद्गत असतील. हें नांव किती जणांस ठाऊक आहे?

असो. मीं मुलास गिटार परत आणावयास सांगितलें. तालमीच्या शेवटच्या दिवशीं, दुसऱ्या कडव्यापाशीं, एक तार सैल झाल्यामुळें तो मध्येंच थांबला. त्यासरशीं गाणें असें पोकळ झालें कीं, पुढच्या रांगेंतील लहान मुली गातां गातां मागें वळून पाहूं लागल्या! त्यानें तार पिळली, आणि तो पुनः सुरांत मिसळला. तेव्हां त्याच्या चेहऱ्यावर जें हसूं उमटलें तें मला अजून दिसतें.

पंधरा ऑगस्टला त्याचें वादन चांगलें झालें. मीं सर्वांसमक्ष त्याची पाठ थोपटली; परंतु त्या पहिल्या दिवसाच्या बोलण्याबद्दल क्षमा मागावयाची ती राहूनच गेली. शिक्षकास हें फार जड जातें. आतां तो दहावींत आहे, आणि हा अंक त्याच्या हातीं पडणारच आहे.