प्रेमाची पंगत

एक नायक, एक नायिका व त्यांच्या मीलनाच्या आड येणारें एखादें विघ्न, एवढ्या सामग्रीवर विनोदी प्रेमकथा सुखानें चालत असतां, एकाच चित्रपटांत आठ-आठ जोडपीं आणून बसविण्याचा खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न रसिकांस पडणें साहजिक आहे. रिचर्ड कर्टिस यांचा 'लव्ह अ‍ॅक्चुअली' २००३ सालीं आला, आणि त्यानंतर अशा पंगती पुष्कळ उठल्या.

कल्पना मात्र नवी नव्हे. शेक्सपिअरच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्यें दोन तरुण जोडपीं, पऱ्यांचे राजाराणी व नाटकाची तालीम करणारे कारागीर यांचीं सूत्रें एका रात्रीं एका रानांत गुंततात. हें नाटक वर्गांत शिकवितांना आम्हांस नेहमीं वाटत आलें आहे, कीं त्याचें मर्म त्या कारागिरांच्या वेड्यावाकड्या प्रयोगांत आहे. पिरॅमस व थिस्बी यांची शोककथा ते अशा थाटानें करून दाखवितात, कीं सारी सभा हंसते. पण वडिलांच्या विरोधामुळें चोरून पळण्याचा जो मार्ग त्या अभागी जोडप्यानें धरला, तोच हंसणाऱ्यांपैकीं दोघांनीं आदल्या रात्रीं धरला होता. एका कथेनें दुसरीस असा अर्थ द्यावा, हें या प्रकाराचें पहिलें बळ.

दुसरें बळ असें, कीं येथें सर्वांचें भलें करण्याची सक्ती लेखकावर राहत नाहीं. जोडपें एकच असलें म्हणजे शेवटीं त्याचें लग्न लावणें भाग. अनेक असलीं म्हणजे एखाद्याच्या पदरीं निराशाहि घालतां येते. 'लव्ह अ‍ॅक्चुअली'मध्यें एमा थॉम्प्सन हिला पतीच्या कोटाच्या खिशांत गळ्यांतला अलंकार दिसतो. नाताळची भेट म्हणून तिच्या हातीं मात्र गाण्यांची तबकडी येते. ती शयनगृहांत एकटी रडते, पलंगावरील चादर सारखी करते, आणि हंसऱ्या मुद्रेनें मुलांसमोर जाते. आम्ही पन्नाशी ओलांडलेलीं माणसें; तरुण जोडप्यांचें काय झालें तें आम्ही विसरलों, ती चादर विसरलों नाहीं. भोंवतीं इतरांचा आनंद उतूं जात नसता, तर तें दुःख इतकें एकाकी दिसलें नसतें.

आतां दोष. त्याच चित्रपटांत पंतप्रधान व त्याच्या निवासस्थानीं चाकरीस असलेली तरुणी, लेखक व त्याची पोर्तुगीज मोलकरीण, कचेरीचा प्रमुख व त्याची चिटणीस, अशीं तीन प्रकरणें आहेत. तिन्हींत पुरुष वरिष्ठ व स्त्री हाताखालची. एकच असतें, तर तो योगायोग म्हणतां आला असता. तीन झालीं म्हणजे लेखकाची दृष्टि उघडी पडते. पुनरुक्ति झांकण्यास येथें जागा नसते.

दुसरा दोष वाढप्याचा. गॅरी मार्शल यांच्या 'व्हॅलेंटाइन्स डे' (२०१०) या चित्रपटांत लॉस एंजेलिस शहर, एक दिवस व नामांकित नटनटींचा मेळा आहे. पण प्रत्येकाच्या पानांत चिमूटभरच पडल्यामुळें ओळखीचा चेहरा हेंच स्वभावचित्र मानावें लागतें. उलट निखिल अडवाणी यांच्या 'सलाम-ए-इश्क'नें (२००७) सहा जोडप्यांस साडेतीन तास साग्रसंगीत वाढलें, आणि अजीर्ण प्रेक्षकांस झालें.

मग हें साधावें कसें? 'बीवी और मकान' (१९६६) या हिंदी चित्रपटावरून सचिन पिळगांवकर यांनीं केलेला 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) पाहावा. पुण्यांत भाड्याचें घर मिळावें म्हणून चौघां मित्रांपैकीं दोघे स्त्रीवेष घेतात. चौघांचीं प्रेमप्रकरणें त्या एकाच थापेला बांधलेलीं. एकाचें बिंग फुटलें, कीं चौघेहि रस्त्यावर. केवळ एक शहर वा एक सण यांनीं कथांची एकी होत नाहीं; एकाचें नशीब दुसऱ्याच्या हातीं असावें लागतें.

आमच्या तरुण विद्यार्थ्यांपैकीं प्रत्येकास आपलें प्रेम हीच जगांतील एकमेव कथा वाटते, आणि त्या वयास तें शोभतेंहि. परंतु पंगतीस बसलेल्यानें क्वचित् शेजारच्या पानाकडेहि पाहावें. कदाचित् तेथें कांहींच वाढलेलें नसेल. हंसतां हंसतां एवढें पाहावयास लावणारा चित्रपट आम्हांस थोर वाटतो.