एकच पुस्तक घ्यायचं, तर कोणतं?

दुकानात संगणकाच्या पुस्तकांचं कपाट समोर आलं की आई-वडील बहुधा दोनच गोष्टी बघतात, जाडी आणि किंमत. मुलं तिसरी बघतात : मुखपृष्ठावरच्या भाषेला सध्या नोकरीत भाव आहे का. या तिन्हींवरून घेतलेलं पुस्तक पन्नासाव्या पानाच्या पुढं क्वचितच जातं. मग ते टीव्हीखालच्या कप्प्यात बसतं आणि पोरगं क्लास शोधायला लागतं.

माझ्याकडे हा विषय आला तो बचत गटाच्या वाटेनं. आम्ही शहापुरातल्या चौदा जणी दर महिन्याला दोनशे रुपये जमा करतो. आठ जणी मराठी बोलणाऱ्या, सहा जणी कन्नड. आम्ही त्याला गट म्हणतो, त्या संघ म्हणतात, पैसे एकाच पेटीत जातात. वही मी लिहिते, म्हणून ती मराठीत. बैठकीत मी वाचून दाखवते, सगळ्या माना डोलावतात. आमच्या अध्यक्षा आहेत अक्का. सगळ्याच त्यांना अक्का म्हणतात. त्या एकदा वही बंद करता करता म्हणाल्या, ‘‘लेक्का सरी ऐती, आद्र नानू ओदबेकल्ला?’’ हिशेब बरोबर आहे गं, पण मलाही वाचता यायला हवा ना? बोलण्यात संशय नव्हता. पण दुसऱ्यानं वाचून दाखवलेला हिशेब आणि स्वतः वाचलेला हिशेब यांत फरक असतो, हे आपल्याकडच्या दोन भाषांच्या घरांना वेगळं सांगायला नको.

त्याच सुमारास माझ्या भाचीनं, म्हणजे दादाच्या मुलीनं, वेब ॲप्लिकेशन शिकायचं मनावर घेतलं. पोरगी बी.कॉम. झालेली, एका दुकानात बिलिंगला जाते. शहरातल्या एका क्लासनं सहा महिन्यांचे चाळीस हजार सांगितले. दादाला ते जड होते. म्हणून मी गटात माझ्या नावावर कर्ज मागितलं. दोन टक्के व्याज म्हणजे महिन्याला आठशे रुपये नुसत्या व्याजाचे. अक्कांनी ऐकून घेतलं आणि अट घातली, ‘‘क्लास मागनं बघू. आधी पोरीनं आमचा हिशेब संगणकावर करून दाखवावा, कन्नडात पण आणि मराठीत पण. तीन महिने घे म्हणावं. जमलं तर कर्ज.’’ बाकीच्यांना ते पटलं. पुस्तकासाठी मी हजार रुपये काढले. त्यात एकच पुस्तक बसणार होतं.

वेब ॲप्लिकेशन म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगते. आपण फोनवर किंवा संगणकावर एक पान उघडतो, त्यात काही भरतो. ते दुसरीकडच्या संगणकाकडे जातं. तिथं लिहिलेला प्रोग्रॅम माहितीच्या कोठारात बघतो, नोंद करतो आणि उत्तराचं पान परत पाठवतो. रेल्वेचं तिकीट, विजेचं बिल, बँकेचं खातं, सगळं याच रीतीनं चालतं. पान दिसण्याची भाषा वेगळी, प्रोग्रॅमची वेगळी, कोठाराची आणखी वेगळी. म्हणून नवशिक्याला वाटतं, तीन जाड पुस्तकं हवीत. खरं तर त्याला हवं असतं हे तिन्ही एकदा जोडून दाखवणारं एक पुस्तक.

विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आपल्याच गावात, त्यामुळं बेळगावात पुस्तकांना तोटा नाही. शेजारच्या इंजिनिअर मुलानं आपलं जुनं पीएचपीचं पुस्तक फुकट देऊ केलं. २००९ साली छापलेलं, पण पान न् पान कोरं. भाचीनं त्यातला पहिला मोठा धडा करून बघितला तर संगणकानं ओळखच दाखवली नाही. कोठाराशी जोडण्याची जी आज्ञा त्या पुस्तकात पानोपानी होती, ती २०१५ च्या डिसेंबरात आलेल्या पीएचपीच्या सातव्या आवृत्तीतून काढून टाकलेली आहे. पासवर्ड झाकून ठेवायला त्यात एमडी५ नावाची रीत दिली होती. ती आज उघड्या कडीसारखी समजली जाते. आणि आमच्या दृष्टीनं सगळ्यांत मोठी अडचण अक्षरांची. त्या काळच्या मायएसक्यूएल कोठाराला वेगळं सांगितलं नाही तर ते फक्त रोमन वळणाची अक्षरं धरून चालायचं. कन्नड नाव घाला की मराठी, बाहेर प्रश्नचिन्हांची रांग. ही ठेवण २०१८ च्या आठव्या आवृत्तीत बदलली. म्हणजे फुकटच्या पुस्तकानं आमच्या चौदाच्या चौदा जणींची नावं पुसली असती.

दुसरं पुस्तक दुकानदारानं हातात दिलं. डेव्हिड फ्लॅनगन यांचं ‘जावास्क्रिप्ट : द डेफिनिटिव्ह गाइड’. पहिल्यांदा १९९६ मध्ये निघालेलं, सातवी आवृत्ती २०२० ची. पुस्तकाला नाव ठेवायला जागा नाही. पण ते ज्याला भाषा येते त्यानं अडलं की उघडायचं पुस्तक. शब्दकोश वाचून कुणी बोलायला शिकत नाही. आपल्या भागातली मराठी घरातली पोरं कन्नड शिकली ती गल्लीत विटीदांडू खेळताना, व्याकरण मागनं आलं.

मग तिसरं, एरिक मॅथेस यांचं ‘पायथन क्रॅश कोर्स’. हे वाचायची भाचीची पद्धत मला आवडली. तिनं पहिलं प्रकरण न उघडता शेवटची तीन उघडली. अठरा, एकोणीस आणि वीस. त्यांत एकच ॲप्लिकेशन हळूहळू उभं राहतं. माणसं आपापलं खातं उघडतात, नोंदी लिहितात, आणि एकाच्या नोंदी दुसऱ्याला दिसत नाहीत. भाची म्हणाली, ‘‘आत्या, ही आपली वहीच की गं.’’ खरंच तसं होतं. विषयाच्या जागी सभासद घाला, नोंदीच्या जागी हप्ता.

त्या प्रकरणांत जँगो नावाची चौकट वापरली आहे. तिची जन्मकथा वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना आवडेल. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावच्या दैनिकाच्या कचेरीत २००३ मध्ये तिचं काम सुरू झालं. बातमीदारांना आज हवं ते उद्यापर्यंत पानावर यायला हवं असायचं, त्या घाईतून ती घडली आणि २००५ मध्ये सर्वांना खुली झाली. नाव मात्र जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं.

याच पुस्तकाची २०१९ ची दुसरी आवृत्ती जुन्या बाजारात निम्म्या किमतीला मिळत होती. मोह झाला. पण तिच्या शेवटी ॲप्लिकेशन सगळ्यांना खुलं करायला हेरोकू कंपनीची सेवा घेतली आहे, आणि त्या सेवेचा फुकटचा भाग नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेखकानं ते प्रकरण बदललं. आम्ही नवी घेतली.

‘‘पुस्तक कशाला? हल्ली फोनला विचारलं की तोच प्रोग्रॅम लिहून देतो,’’ असं दादा म्हणाला. प्रश्न रास्त आहे. भाचीनं ते करूनही बघितलं. फोननं दोन मिनिटांत व्याजाचा हिशेब लिहून दिला, दिसायला झकास. पण बेरजेच्या शेवटी शून्यांची माळ आणि मग चार हा आकडा लोंबकळू लागला. का, ते तिला कळेना. कळत नसल्यामुळं पुढं काय विचारावं तेही सुचेना. उत्तर पुस्तकाच्या दुसऱ्याच प्रकरणात होतं. संगणकाला ०.२ अधिक ०.१ सांगा, तो ०.३०००००००००००००००४ दाखवतो. दशांशातले आकडे तो दोनाच्या पद्धतीनं साठवतो आणि त्यात ते नेमके बसत नाहीत. पुस्तकात एवढं वाचल्यावर तिला नेमका प्रश्न विचारता आला, आणि पैशांसाठी वेगळा, काटेकोर दशांशाचा प्रकार वापरायचा असतो हे तिनं शोधून काढलं. फोन उत्तर देतो, खोटं कशाला बोला. पण प्रश्न आपल्यापाशी असावा लागतो, आणि सुरुवातीला तो नसतोच. चौदा बायकांच्या पैशांचा हिशेब ‘‘बहुतेक बरोबर’’ असून चालत नाही.

पुस्तक इंग्रजीत. भाचीचं शिक्षण मराठी माध्यमातलं. तिनं एक शिस्त लावून घेतली. रोज दुकानातून आली की चार पानं वाचायची, संगणकावर स्वतः टंकायची, आणि रात्री जेवताना मला मराठीत सांगायची. रविवारी अक्कांकडे जाऊन तेच कन्नडात. सांगताना जिथं अडखळायची तिथं खूण करायची आणि ती पानं पुन्हा वाचायची. खातं आणि पासवर्ड हे प्रकरण तिनं अक्कांना ‘‘निम्म पेट्टिगी, निम्म कीली’’ एवढ्यात सांगितलं, तुमची पेटी, तुमची किल्ली. अक्कांनी लगेच विचारलं, ‘‘आणि पेटी बनवणाऱ्याकडं दुसरी किल्ली असती का?’’ भाची त्या दिवशी घरी येऊन एकोणिसावं प्रकरण परत काढून बसली.

तीन महिने पुरले नाहीत. पंधरा दिवस जास्त लागले आणि ते अक्कांनी दिले. बैठकीत लॅपटॉप मांडला. कन्नडचं बटण दाबलं की कन्नड, मराठीचं दाबलं की मराठी. सगळ्या खूश. मग अक्कांनी यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, ‘‘आमची सगळ्यांची नावं खाली का?’’

बघतो तर खरंच. आठ मराठी नावं वर, सहा कन्नड नावं खाली. प्रत्येक सभासदाचं नाव तिच्या तिच्या लिपीत लिहिलेलं होतं आणि यादी वर्णानुक्रमे लावली होती. जगभरच्या लिप्यांना संगणकात जे क्रमांक दिले आहेत, त्यांत देवनागरीचा गठ्ठा आधी येतो आणि कन्नडचा नंतर. संगणकाला बेळगावचं राजकारण ठाऊक नाही, त्यानं आपले क्रमांक लावले. पण यादी वाचणाऱ्या बाईला ते कसं दिसेल, हे कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या प्रकरणात असणार? भाचीनं त्याच बैठकीत यादी सभासद क्रमांकानं लावली. जी आधी गटात आली ती आधी. पहिलं नाव अक्कांचं आलं, दुसरं माझं. बदल एका ओळीचा होता आणि ती ओळ कुठं आहे हे तिला माहीत होतं, कारण ती तिनं स्वतः लिहिलेली होती.

कर्ज मंजूर झालं. पण भाचीनं क्लासची फी मागितलीच नाही. तिचा जुना लॅपटॉप उघडायलाच दहा मिनिटं घ्यायचा, त्याच्या जागी दुसरा घ्यायला पंचवीस हजार मागितले. महिन्याला पाचशे व्याज. क्लास ती पुढं करेलही, पण आता तिथं गेली तर काय विचारायचं ते तिला ठाऊक आहे. आमची कागदी वही मात्र अजून चालूच आहे. मार्चअखेर दोन्ही हिशेब पैशाला पैसा जुळले की मग ॲप्लिकेशन इंटरनेटवर ठेवायचं, असं ठरलंय.

तुमच्या घरातलं कुणी असं पुस्तक मागत असेल, तर आधी त्याला विचारा, करायचं काय आहे आणि कुणासाठी? दुकानात आतल्या पानावर आवृत्तीचं साल बघा. पायथनचं पुस्तक असेल तर ‘प्रिंट’ या शब्दापुढं कंस आहे का बघा. नसेल तर ते जुन्या पायथन दोनचं, ज्याचा सांभाळ १ जानेवारी २०२० ला थांबला. शेवटच्या सूचीत पासवर्ड, सुरक्षा आणि युनिकोड हे शब्द शोधा. पैसे घालायचे नसतील तर मरैन हाव्हरबेके यांचं ‘एलोक्वेंट जावास्क्रिप्ट’ लेखकानं इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलं आहे, चौथी आवृत्ती २०२४ ची. थोडं कठीण आहे, पण पदरचे पैसे न घालता आपल्याला हे झेपतं का, ते कळतं.

आणि घेतलेल्या पुस्तकातलं एक पान त्याला तुमच्यापुढं मोठ्यानं समजावून सांगायला लावा. मराठीत सांगू दे, नाहीतर कन्नडात. तुम्हाला त्यातलं काही कळत नसलं तरी तो कुठं अडखळतो, ते नक्की कळेल.